परदेशी पत्त्याची खातेदार

आसेगाव, ता. मंगरूळपीर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय नाजी,

साधनाचा सलाम. तुझी पाठ थंडीनं धरली नसेल आणि हॉथॉर्न हाउस वृद्धाश्रमवाले अजून तुला वरच्या मजल्याचीच ड्यूटी देत असतील असं समजून लिहायला बसले आहे. आम्ही इकडे बरे. मायचे गुडघे दुखतात, पण ती रोज मळ्यात येऊन बसते आणि बसल्या जागेवरून साऱ्यांना कामं सांगते. धाकट्या शिवमनं हरभरा पेरला. विहिरीकडच्या तुकड्यात वांगी, मेथी, कोथिंबीर लावली आहे. सोमवारी माल घेऊन मी वाशीमला जाते. भाव पडलेला असला तरी जाते, घरात बसवत नाही.

हातानं लिहिलेलं पत्र पाहून दचकू नको, कोणाला काही झालेलं नाही. फोन केला असता. पण दीड वर्षात तुझे इतके फोन मी उचलले नाहीत, की आता आपणहून लावायला हात धजत नाही. इकडे आल्यावर मन ठिकाणावर नव्हतं, एवढंच समज.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. काल पोस्टमननं तुझ्या नावाचा जाड लिफाफा आणून दिला. आपल्या लार्कबे बँकेचा, म्हणजे ती बँक गुंडाळायला कोर्टानं जो माणूस नेमला आहे त्याच्या ऑफिसचा. पत्ता आसेगावचा, मार्फत प्रयागबाई. माय विचारत होती, "हे नाजियाचं पत्र माह्या नावावर काहून आलं?" मी म्हटलं, तिचं टपाल आपल्याकडे येतं. ती म्हणाली, "मंग तिले दे ना."

म्हणून पाठवते आहे. फाडून वाचलं, माफ कर. त्यांनी ठेवीदारांचे तीन वर्ग पाडले आहेत. बँक ज्या बेटावरची, त्या बेटाचे रहिवासी पहिल्यात, त्यांना पैसे कधीच मिळाले. तुम्ही राहता त्या देशातला पत्ता असलेले दुसऱ्यात, त्यांना तिथल्या सरकारनं दिले. आणि तिसरा वर्ग, 'परदेशी पत्त्याचे खातेदार'. तू तिसऱ्यात. दाव्याचा अर्ज कागदावरच, शाईनं सही करून, ३१ जानेवारीच्या आत पोचला पाहिजे. ईमेल चालत नाही. ज्या बँकेला खिडकी नव्हती, शिपाई नव्हता, पासबुक नव्हतं, सगळा कारभार फोनवरच्या त्या निळ्या पाखराच्या चित्रात होता, ती बुडाल्यावर कागद मागते आहे.

मध्येच उठून आले. विहिरीवरची मोटार चालू राहिली होती.

खरं तर परदेशी पत्ता द्यायचं मीच काढलं होतं. व्याज दीड टक्का जास्त मिळतं हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझ्या अब्बांचं, म्हणजे हबीबचाचांचं, वाशीमचं घर गल्लीत, नवीन पोस्टमनला सापडत नाही, म्हणून मीच म्हटलं, आसेगावचा पत्ता दे. तू हसत होतीस, "आता मी आसेगावची झाली का वं साधे?" वाशीमच्या नर्सिंग शाळेत एका बाकावर बसलेल्या आपण, तिकडे अकरा वर्षं एका खोलीत राहिलो. त्यामुळे एका पत्त्यावर आपली दोघींची खाती असण्यात काही विशेष वाटलंच नाही.

तो शनिवार मला अजून दिसतो. मागच्या वर्षीची फेब्रुवारी. तू रात्रपाळी करून आलीस, गणवेशावरच कोट. दारातच फोन पुढे केलास. "साधे, हे उघडून काहून नाही राह्यलं?" पाखराखाली लिहिलं होतं, थोड्याच वेळात परत येतो. आपण दुपारपर्यंत ते बोटानं खाली ओढत राहिलो.

नंतरचे आठ दिवस फोनच फोन. तिथल्या सरकारी नंबरवरची बाई गोड बोलत होती, पत्ता विचारेपर्यंत. भारत म्हटल्याबरोबर ती म्हणाली की ही योजना इथल्या पत्त्यासाठी आहे, तुम्ही बेटाला विचारा. बेटावरचा माणूस म्हणाला, आमची हमी आमच्या रहिवाशांना. आपल्या वकिलातीतला साहेब मराठी निघाला, त्यानं तर चहा पाजला. पण बँक आपली नाही बाई, आम्ही काय करणार, म्हणाला. तिथून बाहेर पडल्यावर तू रस्त्यात उभी राहिलीस. "राह्यतो इथं, कमावतो इथं, कर भरतो इथं. मंग आपन नेमक्या कोनाच्या होय?"



चाचांच्या घराजवळचा प्लॉट गेला, दिलेला इसारही गेला, हे मला माहीत आहे. तलाकनंतर तुला भावाच्या घरात पाहुणी म्हणून राहायचं नव्हतं. तीन खोल्या स्वतःच्या नावावर, एवढंच तू मागत होतीस. आता पुन्हा तीन वर्षांचा करार केलास असं तुमच्या गल्लीतल्या सरवरीकडून कळलं. वाशीमच्या बाजारात भेटली होती. मी जास्त थांबले नाही, गाडी सुटायची होती.

माझा लिफाफा म्हणशील तर अजून आलेला नाही. टपाल मागेपुढे होतं.

अर्ज सावकाश भर. पान चारवर खाते उघडल्याची तारीख मागितली आहे, ती माझ्याजवळच्या जुन्या वहीत सापडली. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून जोडली आहे.

तुझीच,
साधना


आसेगाव
रविवार, १५ डिसेंबर २०२४

प्रिय नाजी,

तुझं पत्र कुरिअरनं मंगरूळपीरला आलं, शिवम घेऊन आला. तीन दिवस झाले. वाचते, घडी करते, मळ्यात जाते, परत येऊन वाचते. काल वांगी तोडताना अर्धी कच्चीच तोडली, माय ओरडली.

तू मला या दीड वर्षाबद्दल एक शब्द विचारला नाहीस. तुझ्यासारख्या अडकलेल्या चौतीस जणांनी मिळून वकील केला, असं लिहिलंस. त्यांत फिलिपिन्सच्या नर्सा आहेत, एक जहाजावरचा स्वयंपाकी आहे, नेपाळचे दोघे भाऊ आहेत. माणशी फी ठरली. आणि पुढे लिहिलंस, "तुझी फी मी भरली आहे, भाजीत काय सुटत असेल मला माहीत आहे. तुझा खातेक्रमांक आणि बुडालेली रक्कम लिहून पाठव, यादीत अठरावं नाव तुझं घातलं आहे."

नाजी, ते नाव काढायला सांग.

माझा लिफाफा येणार नाही. माझं त्या बँकेत काही बुडालेलं नाही.

आता लिहिलंच आहे तर सगळं लिहिते. बारा नंबरच्या खोलीतल्या मिसेस विटकम तुला आठवतात. चाळीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलेल्या, गोळ्या घेताना रोज माझ्याशी वाद घालायच्या. त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी मी त्यांचे केस विंचरत होते. बुधवारी त्यांचा पुतण्या भेटून गेला होता, तो असल्याच कुठल्या तरी कंपनीत हिशेब तपासायचा. त्यांनी मला विचारलं, तुझे पैसे कुठे असतात? मी पाखराचं चित्र दाखवलं.  मग आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "आज काढ. उद्यावर टाकू नकोस."

मी जेवणाच्या सुट्टीत काढले, कपडे बदलायच्या खोलीत उभी राहून. सगळे. माझ्या दुसऱ्या बँकेत जमा व्हायला दोन दिवस लागतील असं पडद्यावर आलं.

तू घरी झोपली होतीस. तुझी रात्रपाळी होती. मला वाटलं, घरी गेल्यावर सांगते. घरी आले आणि सांगितलं नाही. मला भीती वाटली. तू सांगणार मरियमला, मरियम तिच्या मजल्यावर सगळ्यांना, आणि सगळ्यांनी एकदम काढायला घेतले तर माझे मध्येच अडकतील. ही भीती खरी होती का खोटी, मला आजही माहीत नाही. एवढ्या मोठ्या बँकेत आपल्या दहाबारा जणींनी काय फरक पडणार होता? पण तेव्हा वाटली. मी विसरले नव्हते नाजी. मी थांबले होते. माझे येऊन पडू दे, मग सांगते, म्हणून.

पैसे शनिवारी सकाळी सातला आले. तू तेव्हा वॉर्डात होतीस, फोन कपाटात. नऊला बँक बंद झाली. दोन तासांचा खेळ.

आणि तू दारात उभी राहून फोन दाखवलास तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "माह्ये बी गेले." ते कुठून आलं? मला तेव्हा तुझ्या बाजूला बसायचं होतं, आणि दुसऱ्या कुठल्या वाक्यानं बसता आलं नसतं. एकदा बोलले ते बोलले. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, मीही रडले. ते रडणं नाटक नव्हतं, पण तू ते कसं मानशील? वकिलातीत, फोनवर, सगळीकडे मी तुझ्याबरोबर रांगेत उभी राहिले. माझ्या नावचा एक अर्जसुद्धा भरल्यासारखा केला. दोन महिने घरभाडं तू एकटीनं भरलंस. "तुह्यं बी गेलं, माह्यं बी गेलं, पन माही ड्यूटी जास्त हाये." मी तुला भरू दिलं. नाही म्हटलं असतं तर तुला शंका आली असती.

म्हणून मागच्या वर्षी जूनमध्ये करार मोडून परत आले. माय आजारी आहे म्हणाले ते खोटं होतं. माय ठणठणीत होती.

विहिरीकडचा तुकडा मागच्या पत्रात ओझरता लिहिला. तो पंजाबरावांचा. ते मुलाकडे नागपूरला गेले, दोन एकर विहिरीसह विकायला काढलं, मी घेतलं. गावात सांगितलं, कर्ज काढून घेतलं. माझी बाग तुझ्या पैशांवर नाही, माझ्याच पैशांवर आहे, असं मी रोज स्वतःला समजावते. ते खरं आहे. तरी तिथं जेवायला बसवत नाही.

काल शिवमला सांगितलं. त्याला पैसे सुटल्याचं माहीत होतं, तुला न सांगितल्याचं नव्हतं. तो चिडला, पण माझ्यावर नाही.

"ताई, तू काय चोरी केली का? आपले पैसे काढले."

"तिले सांगितलं नाही मी."

"त्या म्हातारीनं बी तुले सांगितलं, साऱ्या गावाले सांगितलं का? आता लिहून काय तिचे पैसे वापस येतीन? उलटी ती तुह्या नावानं बोटं मोडन."

"मोडू दे."

"अन मंग? जमीन मागितली तर?"

 माय भाजी निवडत होती, तिनं मान वर न करता विचारलं, "नाजियानं तुह्या जागी काय केलं असतं?" शिवम उठून बाहेर गेला.

आणखी एक. तो लिफाफा मी लिहिलं तसा पत्राच्या आदल्या दिवशी आलेला नव्हता. २९ ऑक्टोबरला आला होता. अठरा दिवस मी तो धान्याच्या कोठीवर ठेवून त्याच्याकडे बघत होते. पाठवलाच नाही तर काय होईल, हाही विचार येऊन गेला. मुदत टळली असती तर तुझा दावाच राहिला नसता, आणि मला पत्रही लिहावं लागलं नसतं. इतकी खाली गेले होते मी.

उद्या माल घेऊन वाशीमला जाते आहे. चाचांच्या दुकानात जाईन. दर सोमवारी त्या रस्त्याच्या तोंडाशी रिक्षातून उतरते आणि मागच्या गल्लीनं बाजारात जाते. उद्या समोरून जाईन. तू त्यांना फोनवर सांगण्याआधी मी सांगायला पाहिजे.

वकिलाच्या फीचे पैसे सरवरीच्या भावाजवळ देऊन ठेवले आहेत, ते तुझ्या खात्यात टाकतील. ते तरी परत घे.

साधना


आसेगाव
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

नाजी,

तुझं पाकीट आलं तेव्हा हातात हलकं लागलं. आत पाऊण पान. तू शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तू एकच विचारलंस.

"शुक्रवारी तीन वाजता मी उठले. तू भजी तळली होतीस. तू मला विचारलंस, प्लॉटचे पैसे कधी काढणार? मी म्हटलं, सोमवारी. तेव्हा तुझे पैसे आले होते का? एवढंच सांग."

हो. आले होते.

त्याच दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आले. शनिवारी सकाळी सातला नाही. मागच्या पत्रात मी तेवढं बदलून लिहिलं. सगळं कबूल करत होते आणि तरी त्या एका ठिकाणी पेन वळवलं. दोन तासांचा खेळ म्हणून लिहिलं. तो पुऱ्या वीस तासांचा होता.

म्हणजे माझी भीती संपली होती. माझे पैसे सुखरूप होते. तू समोर बसून भजी खात होतीस, केस मोकळे, आणि त्या प्लॉटवर आधी स्वयंपाकघर बांधायचं की आधी कुंपण घालायचं ते मला विचारत होतीस. तू 'सोमवारी' म्हणालीस ते मी नीट ऐकलं. तोंडाशी आलं होतं, नाजी. मग डोक्यात आलं, ही विचारेल, तुला कधी कळलं? मला म्हणावं लागेल, काल दुपारी. ही म्हणेल, अन तू कालपासून मले सांगितलं नाही? त्या एका प्रश्नाची मला लाज वाटली. मी ठरवलं, उद्या सकाळी सांगू, जणू मिसेस विटकम मला आत्ताच म्हणाल्या. मग एक दिवस लपवल्याचं कळणारच नाही. तू संध्याकाळी कामावर गेलीस आणि मी ते वाक्य मनात घोळवत राहिले, कसं सुरू करायचं, चेहरा कसा ठेवायचा. शनिवारी सकाळी मी ते वाक्य तयार ठेवून तुझी वाट बघत होते. तू दारात आलीस आणि फोन पुढे केलास.

हे असं आहे. याच्या खाली आता काही उरलेलं नाही.

सोळा डिसेंबरला चाचांकडे गेले होते. तुला त्यांनी सांगितलं असेल, नसेलही. थंडीचे दिवस, दुकानात जुन्या गाद्यांचा ढीग, कापूस त्यांच्या भुवयांवर बसलेला. मला बघून खूश झाले. "आवं साधना बेटा! किती दिवसानं!" गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबले. मग उभ्या उभ्या सांगितलं, शनिवारी सातची गोष्ट, तुला लिहिली तशीच. ते रजईला टाके घालत होते. थांबले नाहीत. माझं संपल्यावर विचारलं, "नाजियाले माहीत हाये?"

"कालच लिहून टाकलं, चाचा."

"बरं. जाय आता. अंधार पडाच्या आत घरी पोच."

पुढच्या सोमवारी परत गेले. का गेले ते सांगता येणार नाही. त्यांनी या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. मी बाकड्यावर बसले, मेथीची जुडी ठेवली, निघाले. त्याच्या पुढच्या सोमवारीही तसंच. मग जानेवारीअखेर तुझं पाऊण पान आलं. ते घेऊन गेले आणि त्यांना वाचून दाखवलं. आणि शुक्रवारचं खरं सांगितलं.

त्यांनी सुई रजईत खोचून ठेवली. चष्मा काढला. "मले वाटलंच होतं," म्हणाले. "त्या दिवशी तू सात वाजता, नऊ वाजता, असं घड्याळ धरून सांगत होती. खरं सांगनारं मानूस घड्याळ नाही धरत बेटा."  रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. "नाव बुडून राह्यली म्हनून तू उडी मारली, त्यात गुन्हा नाही. जान सगळ्याईलेच प्यारी. पन बाजूले झोपलेल्याले एक आवाज द्याव लागते ना. अन ती तं झोपली बी नव्हती. ती तुह्या हातचं खात होती."

मी तिथंच रडले. त्यांनी गप्प हो म्हटलं नाही.

आता जमिनीचं. विहिरीसह एक एकर शेजारच्या मळ्यातल्या धरमसिंगला विकलं. बुधवारी वाशीमला खरेदीखत झालं. शिवम सहीला आला, पण गाडीवर माझ्याशी एक शब्द बोलला नाही, अजूनही बोलत नाही. उरलेल्या एकराला आता धरमसिंगकडून पाणी घ्यावं लागेल. जे आले त्यातून तुझं भरून निघत नाही, अर्ध्याच्या वर थोडं होतं. अर्धंच का, असं तू विचारशील. त्याला काही न्याय नाही. माझी हिंमत तेवढीच झाली. शिवमची लेकरं आहेत, मायचं औषध आहे, आणि माझ्यात लोभही आहे. पैसे चाचांकडे नेले होते. त्यांनी हात लावला नाही. "माह्ये बुडले का? जिचे बुडले तिले इचार." म्हणून विचारते. पैसे माझ्या खात्यात वेगळे ठेवले आहेत. घे म्हटलंस तर दुसऱ्या दिवशी पाठवते. नको म्हटलंस तर तसेच पडून राहतील, मी त्यातून बियाणंसुद्धा घेणार नाही. हे माफीच्या बदल्यात नाही. परत आले त्या जूनमध्येच हे करायला पाहिजे होतं.

सोबत एक कागद जोडला आहे. परवा बँक गुंडाळणाऱ्या त्या ऑफिसचं तुझ्या नावाचं आणखी एक पत्र इथं आलं. ह्या वेळी मी फाडलं नाही, आहे तसंच पाठवते आहे. पाकिटावर छापलं आहे, तुमचा दावा नोंदवला. बाजारात सरवरी सांगत होती, तुमचा वकील म्हणतो की तीन-चार वर्षं लागतील आणि परदेशी पत्त्याच्या लोकांना रुपयामागं तीस पैसे मिळाले तर नशीब. म्हणजे तीन-चार वर्षं तुझं सारं टपाल माझ्या दारात येणार. पत्ता बदलायचा अर्ज मी त्यांच्याकडून मागवून घेतला आहे, तोच हा कागद. चाचांचा पत्ता खुणेसकट लिहिला आहे, फक्त सही कर. तू बदलला नाहीस तर येईल ते पत्र त्याच दिवशी, न फोडता, मी चाचांच्या हातात देईन.

मिसेस विटकम गेल्या का गं? विचारायचा हक्क नाही, पण मनात येतं. त्यांना मी एकदा सांगितलं होतं की मैत्रिणीचेही वाचले. त्या खूश झाल्या होत्या.

गेल्या सोमवारी चाचांना म्हटलं, मी नाजियाला पत्र लिहिणार आहे, तुमचा काही निरोप? ते म्हणाले, लिहून घे, अन मी बोलतो तसंच लिही, तुह्याकडून गोड करू नको. मी बाजारातल्या पावतीच्या मागे उतरवून घेतलं. ते असं:

"बेटी नाजिया, मी बरा हाये. काळजी करू नोको. ह्या पोरीनं तुह्यासंग जे केलं ते मले सारं सांगितलं. मी तिले माफ केलं नाही. तू बी माह्या तोंडाकडं पाहून करू नोको, तुह्यं मन मानन तं कर, नाही तं नाही. पन ती दर सोमवारी येते. अन मी तिले आजपावतर जाय म्हटलं नाही."

मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणाले.

त्यात माझा एकही शब्द नाही.

साधना